ट्रॅक्टरचा क्लच का झिजतो?

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या आवाराबाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागते. प्रत्येक ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात. काट्यावरील एक वाहन पुढे गेले की मागची सारी रांग तेवढीच पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. हा क्रम रात्रभर चालू राहतो. थंडीत घोंगडे पांघरून बसलेला चालक दर वेळी गिअर काढून ट्रॅक्टर मोकळा करण्याचा कंटाळा करतो. गिअर तसाच ठेवून तो क्लचचे पेडल डाव्या पायाखाली धरून ठेवतो आणि पुढे जागा झाली की पाय किंचित सैल करून वाहन पुढे घेतो. आपल्या हातून काही चूक होत आहे, असे त्यास वाटत नाही. ट्रॅक्टरही ऊस उतरवून विनातक्रार गावी परततो. मात्र हंगाम अर्ध्यावर आला असता एखाद्या सकाळी, फडातून भरलेल्या ट्रॉल्या बाहेर काढीत असताना, इंजिन मोठ्याने गर्जते, जळका वास सुटतो आणि चाके जागची हलत नाहीत.

असा प्रसंग ओढवला म्हणजे नुकसान केवळ ट्रॅक्टरमालकाचे होत नाही. तोडलेला ऊस फडात पडून वाळू लागतो. त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. म्हणूनच तोडणीनंतर साधारणतः 24 तासांच्या आत ऊस गाळपास जावा, असे सांगितले जाते. तोडणी टोळीची मजुरी टनावर असते. वाहन थांबले की टोळीचा कोयता थांबतो आणि घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना बसून दिवस काढावे लागतात. वाहतुकीच्या करारावर घेतलेली उचल व बँकेचा हप्ता यांचे ओझे मालकाच्या डोक्यावर असतेच. क्लचची नवी प्लेट ही काही ट्रॅक्टरमधील सर्वांत महाग वस्तू नव्हे. परंतु ती बसविण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध खोलून त्याचे इंजिन व गिअरपेटी एकमेकांपासून वेगळी करावी लागते. हंगामात कुशल कारागीर व सुटे भाग तत्काळ मिळतातच असे नाही. त्यामुळे मजुरीपेक्षा वाया गेलेल्या दिवसांचाच भुर्दंड अधिक बसतो.

क्लच लवकर खराब झाला की प्लेट हलक्या प्रतीची होती, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याची रीत आहे. क्वचित ते खरेही असते. परंतु एकाच बनावटीच्या दोन ट्रॅक्टरांपैकी एकाचा क्लच अनेक वर्षे टिकतो व दुसऱ्याचा एका हंगामात जातो, तेव्हा कारण अन्यत्र शोधणे प्राप्त होते.

क्लचचे कार्य

इंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. ते इंजिनाबरोबर सतत फिरते. त्याच्या मागे क्लच प्लेट असते. या प्लेटीच्या दोन्ही बाजूंस घर्षण करणारे अस्तर रिवेटांनी बसविलेले असते आणि तिचा मध्यभाग गिअरपेटीत जाणाऱ्या दांड्यावर खाचांमध्ये अडकविलेला असतो. तिच्याही मागे प्रेशर प्लेट असून मजबूत स्प्रिंगांच्या जोराने ती क्लच प्लेटीस फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पेडल मोकळे असताना हे तिन्ही भाग जणू एकच असल्याप्रमाणे फिरतात आणि इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे जाते. पेडल दाबले असता एक बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटीच्या फिंगरांवर दाब देते. त्यामुळे प्रेशर प्लेट मागे ओढली जाते, मधली प्लेट सुटी होते आणि शक्तीचा प्रवाह तुटतो. या बेअरिंगला कारागीर रिलीज बेअरिंग म्हणतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पेडल पूर्ण मोकळे असताना प्लेट फ्लायव्हीलवर घासत नाही. दोन्ही एकाच वेगाने फिरतात. पेडल पूर्ण दाबलेले असतानाही ती घासत नाही, कारण ती सुटी झालेली असते. अस्तर झिजते ते या दोन अवस्थांच्या मधल्या काळात, म्हणजे प्लेट धड जोडलेली नाही व धड सुटलेलीही नाही, अशा वेळी. दिवसभर खोल नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच त्या श्रमाने झिजत नाही. तो घसरण्याने झिजतो. वाहन सुरू करताना थोडी घसरण अटळ असते व तेवढी सोसण्यासाठीच हा भाग बनविलेला असतो. प्रश्न उद्भवतो तो अनावश्यक घसरणीचा.

ही घसरण किती उष्णता निर्माण करते याची कल्पना सहसा नसते. 35 अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे 26 किलोवॉटचे इंजिन होय. ते पूर्ण भाराखाली चालू असता क्लच इतका घसरत असेल की गिअरपेटीचा दांडा इंजिनाच्या निम्म्याच वेगाने फिरतो, तर इंजिनाची निम्मी शक्ती, म्हणजे 13 किलोवॉट, त्या बंद डब्यात उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. एक किलोवॉटच्या 13 विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटवून ताटाएवढ्या प्लेटीवर रोखल्या असता जे होईल, तेच येथे घडते. अस्तर अतिशय तापले की त्याची पकड कमी होते. पकड कमी झाली की घसरण वाढते आणि घसरणीमुळे ते अधिकच तापते. शेवटी अस्तराच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते, प्रेशर प्लेटीवर निळसर डाग पडतात व बारीक तडे जातात. अशा क्लचला पुढे कितीही जपले तरी त्याची मूळची पकड परत येत नाही.

पायाची सवय

क्लच झिजण्याच्या कारणांत प्रथम क्रमांक चालकाच्या डाव्या पायाचा लागतो. पेडलवर पाय टेकवून ट्रॅक्टर चालविणे ही सवय फार सार्वत्रिक आहे. चालकास वाटते, आपण पाय नुसता ठेवला आहे, दाबलेला नाही. परंतु खाचखळग्यांच्या रस्त्यावर पायाचे वजन पेडलवर येतच राहते. तेवढ्या दाबाने रिलीज बेअरिंग फिंगरांना टेकते व स्प्रिंगांची पकड काही अंशी सैल होते. भार हलका असेल तर घसरण जाणवत नाही. चढावर मात्र ती सुरू होते. पेडलचे काम संपताच पाय पेडलवरून काढून पायफळीवर ठेवणे, एवढी एक सवय लागली तरी क्लचचे आयुष्य कितीतरी वाढते.

दुसरी सवय हाफ क्लचची. नांगराच्या फाळाखाली दगड किंवा मुळी आली, इंजिन दबू लागले, की चालक पेडल अर्धे दाबून इंजिनाचा वेग वाढवितो व जोराने ओढून काढण्याचा प्रयत्न करतो. येथे पेडल पूर्ण दाबून ट्रॅक्टर थांबवावा, अवजार हायड्रॉलिकने वर उचलावे आणि खालच्या गिअरमध्ये पुन्हा सुरुवात करावी. त्यात अर्धा मिनिट जातो. हाफ क्लच देऊन तोच अर्धा मिनिट वाचविणारा चालक मालकाच्या दृष्टीने चलाख ठरतो, ही मोठी खेदाची गोष्ट आहे.

चढावर वाहन थांबले असता ब्रेक न लावता क्लच अर्धवट सोडून ते जागीच तोलून धरणे, हाही त्याच जातीचा प्रकार होय. या वेळी ट्रॅक्टर हलत नसतो, पण इंजिन सर्व शक्ती अस्तर घासण्यात खर्च करीत असते. चढावर थांबल्यास ब्रेक लावून गिअर काढावा.

कारखान्याच्या रांगेत काय करावे, हे वरील विवेचनावरून लक्षात येईलच. वाहन थांबले की गिअर काढून पाय मोकळा करावा. थांबणे लांबणार असेल तर इंजिन बंद करावे, म्हणजे डिझेलही वाचेल. यावर काही अनुभवी चालक असा मुद्दा मांडतात की, पेडल पूर्ण दाबून धरले तर प्लेट सुटीच असते, मग ती झिजेल कशी? मुद्दा बरोबर आहे. पण पेडल दाबलेले असेपर्यंत रिलीज बेअरिंग व फिंगर भाराखाली फिरत असतात आणि त्या दाबाचा रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरही येतो. प्लेट वाचविताना हे भाग झिजतात. शिवाय रात्रीच्या दोन वाजता थकलेला पाय पूर्ण दाबलेला राहत नाही. तो हळूहळू वर येतो, आणि मग प्लेट घासू लागते.

दोन अवस्थांचा क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबले असता ट्रॅक्टर थांबतो पण पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबले असता पीटीओही थांबतो. या सोयीचा उपयोग क्षणभर थांबण्यापुरता आहे. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालविताना पेडल अर्ध्यावर धरून बराच वेळ थांबून राहू नये. रोटाव्हेटर जमिनीत रुतलेला असताना पीटीओ जोडणेही टाळावे. अवजार उचलून, इंजिनाचा वेग कमी ठेवून पीटीओ जोडावा आणि दाती फिरू लागल्यावर अवजार हळूहळू खाली सोडावे. मळणीयंत्राच्या ड्रममध्ये काड अडकून पट्टा व क्लच दोन्ही कण्हू लागले असता वेग वाढवून ते काड गिळवण्याचा हट्ट धरू नये. यंत्र बंद करून, पीटीओ सोडवून, फिरणारे सर्व भाग पूर्ण थांबल्यानंतरच काड काढावे. येथे क्लचपेक्षाही हाताची किंमत मोठी आहे.

भार व गिअर

शेतात काम करीत असता अवजार फार जड झाले तर ट्रॅक्टरची मागील चाके मातीत घसरतात. ही चाकांची घसरण एका परीने क्लचचे रक्षण करते, कारण भार सोसवेनासा झाल्यास माती आधी सुटते. डांबरी रस्त्यावर मात्र टायरची पकड चांगली असते. त्यातच ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो. मग इंजिन व चाके यांच्या ओढाताणीत घसरण्यासाठी क्लचशिवाय दुसरा भाग उरत नाही. टायरमध्ये पाणी भरलेले असेल किंवा चाकांना लोखंडी वजने लावलेली असतील, तर हा परिणाम आणखी तीव्र होतो. शेतीच्या कामात पाच वर्षे टिकलेला क्लच ऊसवाहतुकीत एका हंगामात का जातो, याचे एक उत्तर येथे आहे.

दुसरे उत्तर गिअरच्या निवडीत आहे. भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरचे एकूण वजन 20 टन आहे असे समजू. सपाट रस्त्यावर तो थांबलेल्या स्थितीतून ताशी 3 किलोमीटर वेग देणाऱ्या खालच्या गिअरमध्ये उचलला, तर क्लचमध्ये विशिष्ट उष्णता निर्माण होते. तोच भार, इंजिनाचा वेग तेवढाच ठेवून, ताशी 12 किलोमीटर वेग देणाऱ्या वरच्या गिअरमध्ये उचलला, तर वेग चौपट झाला म्हणून उष्णता चौपट होत नाही. ती सोळापट होते. चाकांचा रोध व चढ यांचा विचार केल्यास ती त्याहूनही अधिक भरते. म्हणजे वरच्या गिअरमध्ये एकदा ट्रॅक्टर उचलणे हे खालच्या गिअरमध्ये सोळा वेळा उचलण्यासारखे आहे. गिअर बदलण्याचा कंटाळा करणाऱ्या चालकास हा हिशेब एकदा पाटीवर मांडून दाखविण्यासारखा आहे.

म्हणून भरलेले वाहन नेहमी सर्वांत खालच्या योग्य गिअरमध्ये, इंजिनाचा वेग बेताचा ठेवून उचलावे. इंजिन जोरात फिरवून पेडल एकदम सोडण्याची पद्धत तर दुहेरी घातक आहे. त्यात अस्तर जळतेच, शिवाय धक्क्याने प्लेटीच्या मध्यभागातील स्प्रिंगा तुटतात, गिअरच्या दात्यांवर आघात होतो आणि ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाण्याचाही धोका असतो. पेडल सावकाश पण न रेंगाळता सोडावे. सावकाश याचा अर्थ शंभर पावले जाईपर्यंत अर्धवट धरून ठेवावे असा नव्हे.

मालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ट्रॅक्टर किती भार ओढू शकतो हे इंजिनाच्या अश्वशक्तीवरच अवलंबून नसते. क्लच, ब्रेक व आस यांचीही एक मर्यादा असते. खेपा कमी व्हाव्यात म्हणून ट्रॉलीच्या कडेवर आणखी दोन थर रचावयाचे आणि क्लच गेला की चालकाचा पगार कापावयाचा, हा न्याय नव्हे.

उतारावर क्लच दाबून किंवा गिअर काढून वाहन सोडून देण्याचा प्रकार डिझेल वाचविण्यासाठी केला जातो. यात क्लचचे नुकसान दुय्यम आहे. गिअर जोडलेला असताना इंजिनच वाहनाचा वेग रोखून धरते. पेडल दाबताच तो आधार नाहीसा होतो आणि मागच्या ट्रॉल्यांचा सारा रेटा ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील तर असे वाहन घाटात आवरणे अशक्य होऊन बसते. मग घाईने पुन्हा गिअर टाकून पेडल सोडले तर वेगाने फिरणारी चाके क्लच प्लेटीस प्रचंड वेगाने फिरवितात व ती फुटूही शकते. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

पेडलचा मोकळा खेळ

चालक उत्तम असूनही क्लच झिजल्याची उदाहरणे आढळतात. अशा वेळी प्रथम पेडलचा मोकळा खेळ तपासावा. पेडल हाताने दाबले असता प्रारंभी ते विनासायास खाली जाते आणि मग एका ठिकाणी जोर लागू लागतो. या दोन बिंदूंमधील अंतरास मोकळा खेळ म्हणतात. तेवढ्या अंतरात रिलीज बेअरिंग फिंगरांपासून अलग असते. बहुतेक ट्रॅक्टरांत हे अंतर 20 ते 40 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवलेले असते. आपल्या ट्रॅक्टरसाठी नेमके किती, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

हा खेळ कायम राहत नाही, आणि हीच बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. अस्तर झिजून प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने थोडी पुढे सरकते. त्यामुळे फिंगरांची आतील टोके उलट मागे, म्हणजे बेअरिंगच्या दिशेने येतात. प्लेटीची झीज अगदी अल्प असली तरी तरफांच्या रचनेमुळे पेडलवर तिचा परिणाम अनेक पटींनी मोठा दिसतो. दिवसेंदिवस खेळ कमी होत जातो. तो शून्य झाला की पेडलला पाय न लावताही बेअरिंग फिंगरांवर दाब देत राहते, म्हणजे चालक खाली उतरला तरी त्याचा पाय पेडलवरच राहिल्यासारखे होते! त्यापुढे झीज इतक्या वेगाने होते की काही दिवसांतच क्लच निकामी होतो. ज्या मालकाने वेळीच एक नट फिरवून खेळ पूर्ववत केला असता, त्यास पूर्ण ट्रॅक्टर खोलावा लागतो.

तपासणी कोणासही करता येईल. इंजिन बंद करून एक पट्टी पेडलच्या बाजूस पायफळीवर उभी धरावी, पेडल हाताने दाबावे आणि जोर लागेपर्यंत ते किती खाली गेले ते मोजावे. खेळ कमी आढळल्यास पेडलपासून क्लचकडे जाणाऱ्या दांड्यावरील लॉकनट सैल करून दांड्याची लांबी पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे बदलावी व लॉकनट पुन्हा घट्ट आवळावा. नंतर पेडल चार-पाच वेळा दाबून पुन्हा मोजावे. शेतीच्या साधारण कामात दर 50 तासांनी आणि ऊसवाहतुकीत आठवड्यातून एकदा ही तपासणी केल्यास पुरे. दुहेरी क्लचच्या काही ट्रॅक्टरांत पीटीओच्या बाजूची जुळणी निराळी असते. ती कारागिराकडूनच करून घ्यावी. खेळ आवश्यकतेपेक्षा अधिक ठेवण्यातही शहाणपण नाही. मग पेडल तळाला लागूनही प्लेट पूर्णपणे सुटत नाही, गिअर टाकताना दात किरकिरतात आणि घासणे चालूच राहते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्यांच्या भेटीत पट्टीने खेळ मोजून दाखविण्याचे प्रात्यक्षिक अवश्य करावे. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि खेळ शून्यावर आलेला एखादा ट्रॅक्टर बहुधा गावातच सापडतो.

तेल, चिखल व गंज

ऊसपट्ट्यात क्लचचा शत्रू भार असतो, तर कोकणात व भाताच्या अन्य पट्ट्यांत तो चिखल असतो. चिखलणी करताना ट्रॅक्टरचा खालचा भाग पाण्यात बुडतो. क्लचच्या पेटीस तळाशी एक छिद्र असते. आत झिरपलेले तेल बाहेर पडावे यासाठी ते ठेवलेले असून त्यात बहुधा एक खिळ अडकविलेली असते. चिखलणीच्या वेळी याच छिद्रातून चिखलपाणी आत शिरते. अस्तरावर बारीक वाळू बसली की ती कानशीप्रमाणे काम करते. म्हणून भातशेतीसाठी दिलेले बूच चिखलणीपूर्वी त्या छिद्रात घट्ट बसवावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे 1955 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. तेथेही चिखलणीनंतर क्लचच्या पेटीत पाणी शिरले किंवा कसे, हे पाहिले जाते. चिखलणी संपताच ते बूच न विसरता काढावे. ते तसेच राहिल्यास आत झिरपणाऱ्या तेलास वाट उरत नाही व ते प्लेटीवर उडते.

याच छिद्रावर एरवीही लक्ष असावे. तेथून तेल ठिबकत असेल तर क्रँकशाफ्टच्या मागचे अथवा गिअरपेटीच्या पुढचे ऑइल सील निकामी झाले आहे, असे समजावे. तेलकट अस्तर घसरते आणि वाहन उचलताना धडधडते. अशी प्लेट डिझेलने अथवा रॉकेलने धुऊन पुन्हा बसविण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. अस्तरात मुरलेले तेल धुण्याने जात नाही. ते गरम होताच पुन्हा पृष्ठभागावर येते. आधी सील बदलावे, मग प्लेट. रिलीज बेअरिंगला ग्रीसची सोय असल्यास ते पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच द्यावे. जास्त भरलेले ग्रीस फिरण्याच्या वेगाने प्लेटीवरच जाऊन पडते. हल्लीच्या अनेक ट्रॅक्टरांत हे बेअरिंग बंदिस्त असते व त्यास ग्रीस लागत नाही.

पावसाळ्यात ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असेल तर क्लचचे पेडल दाबलेल्या स्थितीत खुंटीने अथवा लाकडाच्या ठोकळ्याने अडकवून ठेवावे. अन्यथा दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते.

लक्षणे कशी ओळखावीत?

इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे घसरणीचे पहिले लक्षण होय. ते प्रथम चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये दिसते. पेडल दाबताच खरखर ऐकू येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे संशय जातो. संशय दूर करण्यासाठी एक साधी चाचणी आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक पक्का लावावा, चाकांना दगड लावावेत आणि पुढे-मागे कोणीही उभे नसल्याची खात्री करावी. नंतर वरच्या गिअरमध्ये, इंजिन मध्यम वेगाने चालवून, पेडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असल्यास इंजिन तत्काळ दबून बंद पडते. ते तसेच फिरत राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. खात्रीसाठी चार वेळा केल्यास उरलेसुरले अस्तरही जळून जाईल.

घसरण दिसू लागली की प्रथम मोकळा खेळ पाहावा. तो योग्य असूनही घसरण थांबत नसेल तर ‘एवढी खेप होऊ द्या’ असे म्हणू नये. अस्तर संपले की रिवेटांची डोकी फ्लायव्हीलवर घासून त्यात चरे पाडतात, आणि मग फ्लायव्हील व प्रेशर प्लेटही लेथवर न्यावी लागते किंवा बदलावी लागते.

ट्रॅक्टर एकदा खोलला की केवळ प्लेट बदलून तो जोडू नये. रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मध्यभागातील लहान बेअरिंग व ऑइल सील यांची अवस्था त्याच वेळी पाहावी. त्यांच्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर खोलणे परवडत नाही. सर्व फिंगरांची उंची सारखी आहे, हे मापून घ्यावे. ती विषम राहिल्यास नवी प्लेटही एका बाजूने झिजते. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून पेटीतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून ते फडके दूर पुरावे. नवी प्लेट बसविल्यानंतर पहिले काही दिवस भार हलका ठेवावा, कारण अस्तर व फ्लायव्हील यांचा परस्परांशी पूर्ण स्पर्श होण्यास थोडा अवधी लागतो. या काळात मोकळा खेळही लवकर बदलतो. तो दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोजून, मीटरवरील तासांच्या आकड्यासह ट्रॅक्टरच्या वहीत नोंदवावा.